पहिला मजला

विमलअक्का पोस्टाच्या खिडकीसमोर कधी स्थिर उभ्या राहिल्या नाहीत. एक पाय चपलेत, दुसरा चपलेबाहेर, गळ्यात माप घ्यायची टेप तशीच लोंबत राहिलेली, आणि नजर भिंतीवरच्या घड्याळावर. मी धरणगावच्या पोस्टात नव्याने रुजू झालो त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडे एकदम पन्नास पोस्टकार्डं मागितली. मी विचारलं, "एवढी कशाला?"

"भाऊ, कसाले ते इचारू नको. मोज आणि दे. मशीनवर ब्लाउज अर्धाच ठेयेल शे."

ती कार्डं रेडिओसाठी होती. अक्का ब्लाउज शिवत आणि 'मंजुळ श्रोता संघ' चालवत. त्यांतलं मुख्य काम कोणतं, यावर त्यांच्या गिऱ्हाइकांचं आणि त्यांचं कधी एकमत झालं नाही. जळगाव-धुळ्याच्या गावोगावचे लोक त्यांना आवडतं गाणं आणि आपलं नाव कळवत. अक्का ते कार्डावर उतरवून केंद्राला पाठवत, आणि रविवारी सकाळी निवेदक गाण्याआधी नावं वाचे : धरणगावहून विमलअक्का, सोनगीरहून आबा महाजन, नरडाण्याहून हिलाल पाटील, आणि घरातील सर्व बालगोपाळ. अक्का फक्त नावं ऐकत. गाणं सुरू झालं की यांचं मशीन सुरू.

एका रविवारी मी दाढीचा साबण लावून बसलो होतो आणि रेडिओवरून 'पोस्टातले जगताप भाऊसाहेब' ऐकू आलं. मला न विचारता अक्कांनी माझं नाव घातलं होतं. बायकोने दिवसभर चिडवलं, पण खरं सांगतो, मी मनातून फुललो होतो. सोमवारी खिडकीशी मी उगाच कोरड्या आवाजात म्हटलं, "विचारायचं तरी." अक्का म्हणाल्या, "तुन्हं अक्षर चांगलं शे. आते तू आमना."

मी त्यांचा झालो, म्हणजे फुकटचा लेखनिक झालो. संघाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा धुळ्याला मेळावा ठरला. सभागृह अक्कांनी पाहिलं, निमंत्रणं मी लिहिली. प्रत्येक कार्डावर तारीख, वेळ, स्थळ, शेजारची खूण, मजला, सगळं वळणदार अक्षरात. टपालखात्यातला माणूस पत्ता अर्धवट लिहीत नाही.

त्या मेळाव्याची गंमत अशी की पंचवीस वर्षं आम्ही एकमेकांना नावाने ओळखत होतो, चेहऱ्याने नाही. आबा महाजन मला धिप्पाड वाटायचे, ते निघाले माझ्या खांद्याला लागतील एवढे. लोक नाव ऐकून एकमेकांना मिठ्या मारत होते. अक्का मात्र सारख्या दाराशी जाऊन विचारत, "नरडाणाना हिलाल उना का?" पहिल्या कार्डापासून त्याचं नाव यादीत होतं. सत्काराला त्याचं नाव दोनदा पुकारलं. कोणी उठलं नाही.

सगळं आटोपून आम्ही जिना उतरलो, तर खाली, सभागृहाबाहेर लावलेल्या कर्ण्याच्या बरोबर खाली, हाताने चालवायच्या तीनचाकी सायकलवर एक माणूस बसला होता. पन्नाशीकडे झुकलेला, इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. ओळखीच्या टेम्पोत सायकल चढवून तो नरडाण्याहून आला होता.

"मी हिलाल," तो म्हणाला.

"अरे, मंग वर का नही..." अक्का बोलता बोलता थांबल्या. त्यांचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं होतं.

"माले बठ्ठं ऐकू येत व्हतं, अक्का," तो हसून म्हणाला. "मन्हं नाव दोनदा लिधं तुम्ही."

वर एवढा नाश्ता उरला होता. खाली कोणी एक बशी आणली नव्हती.

परतीच्या एसटीत अक्कांनी तीनदा जागा बदलली. खिडकी उघडली, लावली, पुन्हा उघडली. पारोळा गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पंचवीस वरीस नाव वाचं, भाऊ. मानूस कोठे बठस, कसा येस, काय इचारं मी त्याले?" मला झोप येत होती. मी म्हटलं, "तुम्हाला काय स्वप्न पडणार होतं?" हे उत्तर मला अजून टोचतं.

पंधरा-वीस दिवसांत त्यांनी संघ बंद केला. घरापुढच्या ओट्यावर जमलेल्या लोकांसमोर नावांच्या वह्या, रबरी शिक्का, रेडिओ, सगळं मांडून सांगितलं, "मन्हं हाई काम सरनं." लोकांना वाटलं, आता फर्माइशी मोबाइलवर जातात म्हणून कंटाळल्या असतील. मला खरं कारण माहीत होतं आणि मी चिडलो होतो. माझ्या रविवारचं काय, हा स्वार्थही त्यात होता. मी सर्वांदेखत म्हटलं, "एका माणसासाठी पंचवीस वर्षांचा संघ मोडता?"

अक्का उठल्या, बसल्या, पुन्हा उठल्या. मग एक वही माझ्या मांडीवर टाकली. मधल्या दिवसांत त्यांनी जुन्या सभासदांना पत्रं घालून एकच प्रश्न विचारला होता : मेळाव्याला का आला नाहीत? वहीत नावापुढे उत्तरं होती. कोणाला दिसत नव्हतं, कोणाची कंबर गेली होती, कोणाला उंबरा ओलांडायला दोन माणसं लागत होती.

"दिनभर घरमा रेडिओजोडे कोण बठस, भाऊ? ज्याले बाहेर जाता येत नही तोच ना? त्यासना नावावर आपला संघ चाली राहिंता."

मी वही मिटली.

नवं काम त्यांनी जुन्याच हत्याराने सुरू केलं. एका कचेरीत, नाव नको, अपंगत्वाच्या दाखल्याची तपासणी वरच्या मजल्यावर होत असे. ज्यांना जिना चढता येत नाही याचाच दाखला हवा, त्यांनी जिना चढून यायचं. अक्कांनी साहेबांना पहिलं तक्रारीचं कार्ड पाठवलं आणि हाताच्या सवयीने शेवटी लिहून बसल्या : 'आणि घरातील सर्व बालगोपाळ'. तिथला कारकून आमच्या पोस्टात विचारायला आला की ही तक्रार आहे की लग्नाची पत्रिका. मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. "वाचं ना त्यासनी? बस," म्हणाल्या.

पुढची कार्डं त्या एकट्याच लिहिणार होत्या. हिलालने अडवलं. त्यांच्याच ओट्याखाली सायकल लावून तो म्हणाला, "अक्का, 'बिचारा हिलाल' लिखू नका. मी बिचारा नही. कार्डं आमले द्या, आम्ही लिखसूत." अक्कांना हे लागलं. दोन दिवस त्या पोस्टाकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी खिडकीशी आल्या आणि शंभर कार्डं मागितली. मग दर सोमवारी वेगवेगळ्या गावांतून, वेगवेगळ्या वेड्यावाकड्या अक्षरांत कार्डं निघू लागली : माझं नाव अमुक, मी तमुक तारखेला आलो, तुमच्या जिन्याखाली बसून परत गेलो.

सात-आठ महिन्यांनी तपासणीचं टेबल खाली आलं. मी पेढे घेऊन गेलो. अक्का ब्लाउजला हुक लावत होत्या. म्हणाल्या, "टेबल उतरनं. पन बायासनी लघवीले कोठे जावानं? तो संडास तर वरच शे." पेढा त्यांनी उभ्यानेच खाल्ला आणि हात पुसून कार्ड ओढलं.

अशा बाईचा सहवास सुखाचा नसतो. त्यांच्याबरोबर बँकेत, देवळात, लग्नाच्या मांडवात, कुठे म्हणून निवांत बसता यायचं नाही. सारखी नजर पायऱ्यांवर. मी निवृत्त झालो, मला आराम हवा होता, आणि त्या दारात उभ्या : एक पाय चपलेत, एक बाहेर. मी पुष्कळदा वैतागलो. त्या गेल्या तेव्हा मात्र मला रस्त्यात चालताना रडू आलं. साखरेने आतून पोखरलं होतं, चार दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

शोकसभा जुन्या सभासदांनी धुळ्याला ठरवली. सभागृह तेच, मेळाव्याचं. चांगलं आहे, ओळखीचं आहे, म्हणाले. मी जन्मात कोणाशी भांडलो नव्हतो, त्या दिवशी फोनवर ओरडलो. सभा एका शाळेच्या पटांगणात झाली. सायकली, कुबड्या, चाकाच्या खुर्च्या, सगळे पुढे बसले होते.

सभा संपल्यावर हिलाल माझ्यापाशी आला. म्हणाला, "भाऊसाहेब, एक गोठ अक्काले सांगी नही. मेळावाना कार्ड माले आठ दिन पहिले भेटनं व्हतं. पहिला मजला, साफ लिखेल व्हतं."

"मग आलात कशाला?"

"म्हटलं, खाले कोण देखस ते देखू. अक्कानी देखं. पन हाई सांगतू तर ती आखो झोपती नही."

पटांगणात खुर्च्या उचलायचा खडखडाट चालला होता. अक्का मरेपर्यंत तो दोष स्वतःकडे घेत राहिल्या आणि मी पेढे वाटत, वैतागत, बाजूला उभा राहिलो होतो. त्याच्या डोळ्यांत न बघता मी म्हटलं, "हिलालभाऊ, ते अक्षर माझं होतं."

"माहीत शे," तो म्हणाला, आणि सायकलच्या पिशवीतून एक कोरं कार्ड काढून माझ्यापुढे धरलं. "सोनगीरन्या कमलबाई शेतस या. हात थरथरतस त्यासना. त्या सांगतीन, तुम्ही लिखा."

शेजारी चाकाच्या खुर्चीत बसलेल्या कमलबाईंनी आपली तक्रार सांगितली. मी त्यांच्याच शब्दांत लिहून घेतली. मग कार्ड उलटलं आणि त्यांनी सांगितलेल्या कचेरीचा पत्ता घातला. पूर्ण घातला, मजल्यासकट.