एका सकाळी एकच माणूस

डेन्मार्कमधल्या एस्बियर्गच्या बंदरात टोव्ह बोटींच्या ताडपत्र्या शिवायची. आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात शिवल्या. मालक थकला, दुकान बंद झालं, तेव्हा तिनं त्याची दोन मशीनं विकत घेतली आणि स्वतःची पाटी लावली. हात सुबक होता, पण गिऱ्हाईक फिरकेना.

व्यावसायिकांचा महिन्याला एक मेळावा भरायचा. सकाळी कॉफी, पाव, चीज आणि दालनभर माणसं. टोव्ह गेली आणि दिसेल त्याच्या हातात आपलं कार्ड ठेवत सुटली.

"किती जणांना भेटलीस?" घरी नवऱ्यानं, आयनारनं विचारलं.

"सगळ्यांना."

"बरं, एकाचं नाव सांग."

तिला एकही आठवेना. आयनार हसला. तिला ते झोंबलं, पण त्याचं खरं होतं. पुढच्या खेपेला एकाच माणसाशी नीट बोलायचं, असं तिनं ठरवलं.

पुढच्या महिन्यात खिडकीशी एक आडदांड गृहस्थ एकटाच कॉफी ढवळत होता. प्रेबेन त्याचं नाव. तो प्रवाशांना बोटीतून समुद्रातले सील प्राणी दाखवायला न्यायचा.

"कसं चाललंय?" तिनं विचारलं.

"चालतंय कुठलं? बोट धक्क्याला उभी. इंजिन रुसलंय आणि आमचा मेकॅनिक गेला मुलीकडे राहायला."

टोव्हनं त्याची बाही धरली आणि टेबलाटेबलाशी विचारत निघाली, "इंजिनाचं काम कोण करतं?"

"मी करते," पाव खात रूथ नावाची बाई म्हणाली. "काय झालंय?"

दोघांचं जुळलेलं पाहून टोव्ह निघाली, तसा प्रेबेन म्हणाला, "अहो, तुमचा धंदा कसला ते राहिलंच की."

"ताडपत्र्या शिवते. पण तुम्हाला आधी इंजिन हवंय."

दुसऱ्या दिवशी तिनं आठवणीनं त्याला फोन केला. बोट सुरू झाली होती. प्रेबेनची ताडपत्री धडधाकट होती, त्यामुळे काम काही मिळालं नाही. पण रूथचा पाय रोज नव्या बोटीवर. पंधरवड्यात तिचाच फोन आला, "टोव्ह, इथल्या ताडपत्र्यांची पार लक्तरं झालीत. येतेस का?"

मग एकातून दुसरं काम येत गेलं. हाताखाली दोघी आल्या. मेळाव्यात कुणाचं काही अडलं की लोक म्हणू लागले, "टोव्हला विचारा."

गेल्या वसंतात मेळाव्याच्या दाराशी एक अनोळखी माणूस अवघडून उभा होता. रूथ कानाशी लागली, "रीबेहून आलाय. तुझ्याच धंद्यातला. जरा जपून."

टोव्ह सरळ त्याच्याकडे गेली. "तंबू शिवता का?"

"तेच तर शिवतो," तो चाचरत म्हणाला.

"छान झालं. तंबूवाले माझ्या दारावरनं परत जातात, तेवढं मोठं मशीन नाही माझ्याकडे. या, आधी कॉफी घ्या, मग ओळखी करून देते."

त्या उन्हाळ्यात तंबू त्याच्याकडे गेले आणि त्याच्याकडची बोटींची कामं टोव्हकडे आली. वाढलेल्या कामासाठी तिनं तिसरं मशीन घेतलं.