शिरड शहापूरची यिडिश

इतका बिनकामाचा विषय इतक्या निष्ठेनं शिकलेला माणूस अख्ख्या मराठवाड्यात आमच्या थोरल्या साडूंशिवाय दुसरा सापडायचा नाही. आणि सापडलाच, तर तो त्यांचाच विद्यार्थी असणार. साडू आधुनिक हिब्रू आणि यिडिश वाङ्मयाचे पंडित आहेत. हे वाक्य मी लग्नाच्या मांडवात, बारशाला, एवढंच काय मयतीलासुद्धा लोकांना सांगत आलो, आणि दर वेळी समोरचा थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघून विचारतो, "ते ठीक हाय. पन करतेत काय?" मी हिंगोली स्टँडवर वाहतूक नियंत्रक होतो. माझं काम गाडी कोणती आणि फलाट कोणता, एवढ्यात संपायचं. साडूंचं काम सांगायला बसलं की परभणी गाडी निघून जायची आणि ऐकणारा मलाच दोष द्यायचा. शेवटी मी त्यांनाच म्हटलं, "साडूभाऊ, मला चार शब्दांत सांगा, म्हणजे मी पुढं सांगतो." ते हसले. म्हणाले, "ज्यू लोकांची पोथीतली भाषा हिब्रू. समजा, उद्या कंडक्टरनं संस्कृतात सुटे मागितले अन् पॅसेंजरनं संस्कृतातच त्याच्यासंगं भांडन काढलं, तं कसं व्हईल? तशी ती पोथीतून उठून बाजारात आली." मी म्हटलं, "आणि यिडिश?" तर म्हणाले, "यिडिश तिकडच्या बायामानसांची, चुलीपुढची. ती म्हंजे पुस्तकातलं 'का' न्हाई, आपलं 'काहून'."

हा सगळा प्रकार एका कप चहामुळे झाला. साडूंचे वडील निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळे उजवीकडून डावीकडे वाचणं हा त्यांच्या घरात चमत्कार नव्हता. पोरगं हुशार निघालं, दिल्लीला फारसी शिकायला गेलं, आणि पहिल्याच दिवशी विद्यापीठात चुकीच्या खोलीत शिरलं. आत एक परदेशी बाई एकट्याच बसलेल्या, पुढचे सगळे बाक रिकामे. कॅनडातल्या मॉन्ट्रियलहून त्या वर्षभरासाठी हिब्रू शिकवायला आल्या होत्या आणि शिकणारा एकही फिरकला नव्हता. दारात हा उंच, भांबावलेला पोरगा दिसताच त्या उठून उभ्या राहिल्या, खुर्ची पुढं केली आणि थर्मासातला चहा ओतून दिला, वर बिस्कीट. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातला पोरगा माफी मागून बाहेर पडला असता. पण आमच्याकडे माणूस भिडेला मरतो. "एवढ्या मायेनं चहा पाजल्यावर उठावं कसं, भाऊ?" साडू मला म्हणाले, "बाईला काय वाटलं असतं?" तेवढ्या भिडेपायी माणूस वर्षभर हिब्रू शिकला, पुढं बाईंच्या मागोमाग मॉन्ट्रियलला जाऊन त्यांच्याकडेच यिडिश शिकला, बर्फात राहून प्रबंध लिहिला, आणि परत येऊन निवृत्त होईपर्यंत दिल्लीत तेच शिकवत राहिला. फारसी राहूनच गेली.

त्यांची सोयरीक माझ्या मेव्हणीशी, म्हणजे आमच्या अक्काशी, जुळली तेव्हाची हकिकत सासरे फार रंगवून सांगायचे. सासऱ्यांनी विचारलं, "पाव्हनं, ही भाषा आपल्याकडं कोन बोलतं?" मुलगा खरं बोलला, "कोनीच न्हाई." "मंग नोकरीचं कसं?" तर म्हणे, "कोनी बोलत न्हाई म्हनून जागा एकच हाय, अन् ती मला भेटली." सासरे जन्मभर हळद पिकवून बाजारात रांगेत उभे राहिलेले, ज्या मालाला दुसरा विकणाराच नाही असा माल त्यांनी आयुष्यात प्रथमच पाहिला. त्यांनी जागेवर सुपारी फोडली.

साडूंच्या सवयी सांगायला लागलो तर कुठून सुरू करावं कळत नाही, आणि त्यांना विचारलं तर ते म्हणतील, शेवटाकडून करा. वर्तमानपत्र ते हिब्रू पुस्तकासारखं मागून उघडतात. लग्नपत्रिका मागून वाचतात. आधी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं', मग स्थळ, मग नवरानवरी. प्रश्नाला उत्तर म्हणून प्रश्नच विचारतात. "चहा घेणार का?" म्हटलं की "न घ्याया काय झालं?" ही यिडिश बोलणाऱ्यांची रीत आहे असं ते सांगतात, मला तर अख्खा हिंगोली बाजार असाच बोलताना दिसतो. पुस्तक हातात असलं की त्यांना रस्त्याचं भान राहत नाही. एकदा औंढ्याला जायचं म्हणून स्टँडवर आले, मी स्वतः त्यांच्या नावानं पुकारा केला, तरी वाचता वाचता वाशिम गाडीत चढले आणि कनेरगाव नाक्याला उतरवले गेले. उतरले ते थेट धाब्यावर. तिथं त्यांनी ट्रकवाल्यांना यिडिशमधली एक गोष्ट सांगायला घेतली: एक सोयरीक जुळवणारा मध्यस्थ आहे, तो भिंतीला आणि खांबालासुद्धा स्थळं सुचवत सुटतो. गोष्ट अर्धी झाली तेवढ्यात परतीची गाडी आली आणि हे उठून आले. पुढं कितीतरी दिवस त्या धाब्याचे मालक चाचा आमच्या कंडक्टरच्या हाती मला निरोप धाडत होते, "तुमचे साडू कवा येऊन राहिले? त्या खांबाचं लग्न लागलं का न्हाई?"

निवृत्तीनंतर ते गावी, शिरड शहापूरला आले. हळद साठवायच्या खोलीत त्यांनी पुस्तकं लावली, म्हणून त्यांचं कुठलंही पुस्तक उघडलं की आधी हळदीचा वास येतो आणि मग मजकूर. गावानं त्यांना मान दिला, पण गैरसमजानं. आमच्याकडे इस्रायल म्हटलं की माणसाला एकच गोष्ट आठवते, ती म्हणजे ठिबक सिंचन. जो माणूस त्या देशाची भाषा जन्मभर शिकला त्याला ठिबक येत नसेल असं कुणाच्या स्वप्नातही आलं नाही. शेतकरी मेळाव्याला त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं. नाही म्हणणं भिडेत बसत नव्हतं. साडूंनी विचार केला, विषय पाण्याचा आहे. आणि यिडिश कथांमधल्या गरीब भिश्त्यांवर ते तासभर बोलले. खांद्यावर बर्फाळ पाणी वाहणारा, दारोदारी शिव्या खाणारा, तरी कुणाच्या घरी लेकरू आजारी असलं तर दोन बादल्या जास्त ओतणारा भिश्ती. मी मांडवात होतो. शेतकरी हूं की चूं न करता ऐकत होते. हा भिश्ती आता नळी टाकेल, मग टाकेल, अशी प्रत्येकाची खात्री. भाषण संपलं तेव्हा पुढच्या रांगेतला एक म्हातारा उठला आणि हात जोडून म्हणाला, "सर, भिश्ती लई चांगला मानूस व्हता. आता फिल्टर कोन्ता बसवावा तेवढं सांगा."

दुसरा कुणी असता तर लाजून खाली बसला असता. साडूंनी तिथंच व्यासपीठावरून इस्रायलला राहणाऱ्या आपल्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन लावला. ज्या भाषेत त्यांनी जन्मभर विरह आणि वनवास वाचले, त्या भाषेत वाळूचा फिल्टर कसा धुवावा ते विचारून घेतलं आणि ओळीनं सगळं मराठीत सांगितलं. टाळ्या पडल्या त्या तेव्हा. घरी जाताना मला म्हणाले, "आज हिब्रू कामाला आली, भाऊ." त्यांचा आनंद बघून मलाच अभिमान वाटला.

हिब्रूला अशी कामं निघायची. यिडिशचं तसं नव्हतं. ती भाषा घरोघरी बोलणारी माणसं हिटलरच्या युद्धात मारली गेली, वाचली त्यांची बरीच लेकरं दुसरंच बोलू लागली. आजही जगात यिडिश बोलणारे आहेत, पण शिरड शहापूरला फोन करणारं माणूस एकच, ते म्हणजे दिल्लीत चहा पाजणाऱ्या त्या बाई, आता मॉन्ट्रियलला असायच्या. नव्वदीच्या घरात पोचल्या होत्या. दर शुक्रवारी, आपल्याकडे दिवेलागण व्हायची तेव्हा तिकडे सकाळ असायची, आणि बाई संध्याकाळी सुरू होणाऱ्या त्यांच्या आठवड्याच्या सणाचा वेणी घातलेला पाव मळत मळत मोबाइलवर दिसायच्या. साडू धुतलेला शर्ट घालून ओसरीवर बसायचे आणि दोघं कडाकडा भांडायचे. कुठला लेखक थोर, कुठला उगाच, यावर बाई पिठाचा हात नाचवायच्या. गल्लीतल्या बाया घटकाभर उभ्या राहून बघायच्या. साडूंना मी म्हटलं, "पुस्तकं आहेत की कपाटभर, मग या एका फोनसाठी एवढा जीव का टाकता?" ते म्हणाले, "वाचाया पुस्तक पुरतं, भाऊ. पन यिडिश एकट्याला बोलता येत न्हाई. भांडाया समोर कोनीतरी लागतं. बाई गेली की माझ्या तोंडातली भाषा गेली." तेव्हापासून शुक्रवार आला की मलाही धाकधूक वाटू लागली.

या फोनच्या वेळी अक्का शेजारी तुरीच्या शेंगा सोलत नाहीतर हळकुंडं निवडत बसलेली असायची. तिचे हात कोपरापर्यंत पिवळे. मधूनच ती मोबाइलमध्ये डोकावून "काय वो बाई, बऱ्या हाव ना? थंडी हाय का तिकडं?" असं खास आपल्या मराठीत विचारायची, आणि बाई त्यांच्या भाषेत काहीतरी लांबलचक सांगायच्या. दोघींचं व्यवस्थित चालायचं.

मग बाई विसरू लागल्या. आधी लेखकांची नावं गेली, मग भांडणं गेली. एका शुक्रवारी त्यांनी साडूंकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, हे गृहस्थ कोण? साडूंनी आपली ओळख करून दिली. प्रबंधाचं नावसुद्धा सांगितलं. बाईंनी आदरानं ऐकून घेतलं, छान म्हणाल्या, आणि विचारलं की ती पिवळ्या हातांची बाई घरी आहे का? साडूंनी मोबाइल अक्काच्या हातात दिला आणि आत जाऊन बसले. पुढं दर शुक्रवारी असंच झालं. बाईंच्या तोंडात आता चारसहा वाक्यंच उरली होती: बस, खा, किती वाळलीस, काहून वाळलीस, दार लाव, वारं येतं. तीच परत परत. साडू आधी अक्काला अर्थ सांगायचे. मग ती अर्थ विचारीनाशी झाली. "मी शिकलो जल्मभर," साडू मला म्हणाले, "अन् ओळख हिची राहिली." रागानं म्हणाले, पण फोनची वेळ एकदाही चुकवली नाही.

परवाच्या थंडीत बाई गेल्या. त्यांच्या भाचीनं कळवलं. त्या आठवड्यातल्या शुक्रवारी अक्कानं मला आणि माझ्या बायकोला बोलावून घेतलं. आम्ही पोचलो तेव्हा साडू धुतलेला शर्ट घालून ओसरीवर त्यांच्या जागी बसले होते, हातात मोबाइल. सकाळपासून जेवले नव्हते. मी डेपोतल्या गमती सांगून बघितल्या. जो माणूस प्रश्नाला प्रश्न केल्याशिवाय राहत नाही तो नुसता हूं म्हणत होता. शेवटी म्हणाले, "आता नुसतं वाचायचं, भाऊ." अक्कानं आतून दोनदा हाक मारली, "अवो, जेवून घ्या." ते हलले नाहीत. मग ती ताट घेऊन बाहेर आली, भाकर, वरणफळं, ठेचा. ताट त्यांच्यापुढं ठेवलं, कमरेवर हात ठेवला आणि मोठ्यानं म्हणाली, "झेट्स झिख! एस, माइन किंड. एस!"

साडूंनी मान वर केली. माझ्या बायकोनं विचारलं, "अक्का, काय म्हनलीस गं?" साडूच म्हणाले, अगदी हळू, "बस म्हनली. खा, माझ्या लेकरा, म्हनली." बसलेल्या माणसाला बस आणि नातवंडं असलेल्या नवऱ्याला लेकरा! माझ्या बायकोला हसू आवरेना. साडू अक्काला म्हणाले, "अगं, नवऱ्याला लेकरू न्हाई म्हनत."

"बाई तं तसंच म्हनायची," अक्का म्हणाली. "मंग नवऱ्याला काय म्हनतेत?"

साडूंनी तोंड उघडलं. त्या भाषेतल्या प्रेमाच्या कितीतरी गोष्टींवर त्यांनी व्याख्यानं दिली आहेत. मी स्वतः दोन ऐकली आहेत. पण डोळ्यांतूनच पाणी सुरू झालं, आणि ते न पुसताच त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मी उगाच अंगणात जाऊन उभा राहिलो.

अक्काच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही. शुक्रवारी दिवेलागण झाली की ती त्यांना तसंच लेकरू म्हणून जेवायला बसवते, आणि ते बसतात.