मुंगीएवढी सही

पहिल्या आठवड्यात मालक म्हणाले, "बाईचा चेहरा जरा हसरा करा." दुसऱ्या आठवड्यात त्यांनीच विचारलं, "ही एवढी का हसतेय?" तिसऱ्या आठवड्यात मालकांच्या मेहुण्यांनी चित्र मोबाइलवर दोन बोटांनी ताणून ताणून पाहिलं आणि निकाल दिला, "हसू ठीक आहे हो, पण त्यात विश्वास दिसत नाही."

विश्वास दिसण्यासाठी किती दात दाखवायचे, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

चित्रवाल्या ताईंनी नेहमीसारखी मान डोलावली आणि घरी येऊन जेवणाच्या टेबलाच्या आपल्या अर्ध्या भागावर सामान मांडलं. दुसऱ्या अर्ध्यावर सासूबाई भाजी निवडत बसल्या होत्या. टेबलाची ही वाटणी बावीस वर्षांची. या बावीस वर्षांत ताईंनी लोकांच्या धंद्यांसाठी ढिगानं चित्रं काढली होती. साबणाच्या वेष्टनावरची फेसात लडबडलेली मुलगी त्यांची, चहाच्या डब्यावरचे पेपर वाचणारे आजोबा त्यांचे, गादीवर तंगड्या पसरून झोपलेलं अख्खं कुटुंबही त्यांचंच. त्यांची माणसं घरोघरी पोचली होती आणि नाव एकाही घरात पोचलं नव्हतं.

म्हणून कात्र्यांच्या कारखान्याचं हे काम घेताना त्यांनी आधीच अट घातली. आठ चित्रं, आठ प्रकारच्या कात्र्यांची: शिंप्याची, न्हाव्याची, माळ्याची, शाळेतल्या मुलांची वगैरे. ती खोक्यांवर येणार, दुकानांच्या पाट्यांवर येणार. प्रत्येक चित्राच्या खालच्या कोपऱ्यात आपल्या नावातली दोन अक्षरं, मुंगीएवढी. तेवढंच.

"अहो ताई, त्यात काय विचारायचं!" मालक म्हणाले होते. "कला तुमची, नाव तुमचं."

आणि पहिल्याच फेरीत त्यांचा निरोप आला, "बाकी उत्तम. कोपऱ्यात डाग पडलाय, तेवढा काढा."

"डाग नाही, सही आहे."

"हो का? बरं बरं."

दुसऱ्या फेरीत पुन्हा डाग. पाचव्या फेरीत मेहुण्यांना वाटलं, छपाईत काहीतरी सांडलंय. सातव्यात मालक समजुतीच्या सुरात म्हणाले, "ताई, राहू दे म्हटलंय मी. पण गिऱ्हाईक म्हणेल, खोकं खराब आहे."

ताईंनी प्रत्येक वेळी नाकाचा आकार बदलला, झग्याचा रंग बदलला, माळ्याची टोपी काढली, पुन्हा घातली. सही तेवढी हलवली नाही. त्यांचे पती जाता जाता म्हणाले, "दोन अक्षरांसाठी एवढा हट्ट कशाला?" त्यावर ताईंनी नुसतं वर पाहिलं. ते पाणी प्यायला गेले.

अकराव्या फेरीला आठही चित्रं छापून कारखान्याच्या माल बांधायच्या खोलीतल्या भिंतीवर चिकटवली. मालक हात मागे बांधून एकेका चित्रापुढे उभे राहिले. मेहुणे त्यांच्या मागे, हात पुढे बांधून. शेवटच्या चित्रापाशी मालक म्हणाले, "झालं! आता काही बोलायला जागाच नाही." ताईंच्या छातीवरचा दगड उतरला. इतक्यात पाण्याच्या माठाशी आलेले धारवाले काका, हातातला पेला तसाच धरून, भिंतीपाशी आले. कारखान्यात धार लावून लावून त्यांची बोटं पात्यासारखीच चपटी झाली होती.

"ही सगळी डावखुरी आहेत का?" काकांनी विचारलं.

मालकांनी मागे वळून पाहिलं.

"नाही, असू देत. पण आपली कात्री डाव्या हातात धरली की वरचं पातं रेघेवर येतं. कापणाऱ्याला रेघच दिसत नाही. कात्री कापड चावते." काका पाणी प्यायले. "शिंपी बघेल तर हसेल हो."

ताईंनी भिंतीकडे पाहिलं. शिंपीण, न्हावी, माळी, शाळेतली पोरं... आठच्या आठ जणांनी कात्री डाव्या हातात धरली होती. त्यांना तिथल्या तिथे कळलं. हाताचं चित्र काढताना समोर हात लागतो. उजव्या हातात तर पेन. मग राहिला डावा. बावीस वर्षं तोच पुढे धरून त्या काढत आल्या होत्या. चहाचा कप डाव्या हातात धरला काय नि उजव्या, चहा काही सांडत नाही, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मालकांच्याही नाही, ज्यांचा कात्र्यांचा धंदा तीन पिढ्यांचा!

"मी तर पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, काहीतरी खटकतंय," मेहुणे म्हणाले.

"तुम्ही विश्वास म्हणाला होतात," ताई म्हणाल्या.

"तेच ते."

"सोपं आहे," मालक म्हणाले. "चित्र उलटं करा. आरशात दिसतं तसं."

"मग कात्रीपण उलटी होते," काका शांतपणे म्हणाले. "तशी आपण बनवत नाही."

मालकांनी कपाळाला हात लावला. "ताई, परवा छपाईला द्यायचंय. हात नवे काढा. आणि आता चूक तुमची आहे, तर तो डाग..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. चूक खरंच ताईंची होती, आणि त्यांना सगळ्यात जास्त राग त्याचाच आला होता.

त्या चित्रं भिंतीवरून उतरवत होत्या, तेव्हा काका नमुन्याची कात्री घेऊन आले. "ही घरी न्या. समोर ठेवून काढा." मग त्यांनी खिशातल्या पेचकसानं कात्रीचा स्क्रू सैल केला आणि दोन पाती वेगळी केली. भोकाशेजारी, स्क्रूच्या डोक्याखाली झाकली जाईल अशा जागी, एक बारीक तिरकी खूण होती. "ही माझी. मी धार लावलेल्या प्रत्येक कात्रीत असते."

"मालकांना माहीत आहे?"

"त्यांनी कधी कात्री उघडलीय?" काका म्हणाले आणि स्क्रू पुन्हा आवळला.

घरी ताईंनी टेबलावर कात्री ठेवली आणि सासूबाईंना म्हणाल्या, "आई, जरा ही उजव्या हातात धरा."

सासूबाईंनी तीस वर्षं लोकांचे कपडे शिवले होते. त्यांनी कात्री उचलली, दोनदा हवेत चालवली आणि म्हणाल्या, "बावीस वर्षं तुझ्यासमोर बसतेय. आज दिसला होय माझा हात?"

"हलू नका."

"डावा हात काढून आलीस ना तिकडे? याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मला आधी विचारलं असतंस तर?"

"आई, अंगठा."

"अंगठ्याला काय झालं?"

"हलतोय."

"सत्तरीचा आहे, हलणारच!"

दोन दिवस असे गेले. भाजी तशीच पडून राहिली, पतींनी दोन्ही वेळा बाहेरून जेवण आणलं आणि दोन्ही वेळा आळणी आणलं. सासूबाईंनी शिंपीण म्हणून कात्री धरली, न्हावी म्हणून धरली, माळ्याच्या वेळी मात्र "ही पकड माझी नाही" म्हणून भांडल्या. पण आठही हात उजवे झाले. मग ताईंनी प्रत्येक चित्राचा कोपरा पुसून कोरा केला. आणि प्रत्येक कात्रीच्या स्क्रूवर, जिथे पेचकस लावायची खाच असते तिथे, दोन अक्षरं बसवली. मुंगीएवढी नाही, मुंगीच्या पायाएवढी.

मालकांनी चित्रं पाहिली. आधी हात पाहिले, मग काकांना बोलावून पुन्हा हात पाहिले. शेवटी नजर कोपऱ्यात गेली आणि चेहरा फुलला. "बघा! डाग गेला तर किती स्वच्छ दिसतंय! मी काय म्हणत होतो?"

"आता विश्वास दिसतो," मेहुणे म्हणाले.

काका वाकून शिंपिणीच्या कात्रीकडे जरा जास्तच वेळ पाहत राहिले. मग सरळ झाले आणि कामाला गेले.

महिन्यानं खोकं घरी आलं. सासूबाईंनी ते खिडकीशी नेऊन, चष्मा वर-खाली करून तपासलं.

"अंगठा जाड काढलास."

"आहेच जाड."

"आणि तुझं नाव? ज्याच्यासाठी एवढं रामायण केलंस ते?"

ताईंनी स्क्रूवर बोट ठेवलं. सासूबाईंनी खोकं नाकाला लावलं, लांब धरलं, पुन्हा नाकाला लावलं.

"मला तर काही दिसत नाही बाई."

"आहे तिथे."

"आम्हाला दिसत नाही, मालकाला दिसत नाही. मग उपयोग काय?"

ताईंनी त्यांच्या हातातून खोकं घेतलं आणि कपाटावर, सगळ्यांना दिसेल असं ठेवलं. मग टेबलापाशी येऊन भाजीची परडी सासूबाईंच्या अर्ध्या भागाकडे सरकवली. मोबाइलवर नव्या गिऱ्हाइकाचा निरोप येऊन पडला होता: छत्र्यांची कंपनी, सहा चित्रं हवीत.

"आई," त्या म्हणाल्या, "छत्री कुठल्या हातात धरता?"