नळाला पाणी आलं, पण ड्रमची रांग हलली नाही

लातूरकरांनो, आज आमच्या गल्लीत लई भारी झालं!

दुष्काळात टँकरसाठी आम्ही फुटपाथच्या कडेनं ड्रमची रांग लावली होती. त्यामुळं गाड्या फुटपाथवर चढायच्या बंद झाल्या. तिथंच मोटारसायकलनं पाडल्यापासून घरातच बसलेल्या माझ्या सासूबाई त्या ड्रमच्या आडून रोज एकट्या महादेवाच्या देवळात जायला लागल्या.

आज सकाळी कित्येक महिन्यांनी नळाला पाणी आलं. जो तो आपला ड्रम उचलायला धावला. सासूबाई मात्र आमचा ड्रम धरून उभ्या! "ह्यो न्हाई हलायचा. उद्या मी कुठून चालू?"

किराणा दुकानवाले अप्पा वैतागले. "काकू, गिऱ्हाइकानं गाडी कुठं लावायची?"

"गाडीवाले तुमच्या दुकानासमोरून भुर्रकन जातेत, अप्पा. रोज देवळातनं येताना थांबून सुपारी कोण घेतंय? मीच की!"

अप्पा हसले. आत गेले आणि स्वतःचाच एक गळका ड्रम आणून रांगेत ठेवला!

संध्याकाळपर्यंत चांगले ड्रम घरी गेले, त्यांच्या जागी सगळ्यांचे गळके ड्रम आले, आणि हलू नयेत म्हणून त्यात माती भरली. आज देवळात सासूबाई एकट्या गेल्या न्हाईत, गल्लीतल्या चौघीजणी सोबत होत्या.

तुमच्या घरात बाहेर पडायचं सोडून दिलेलं कुणी हाय का? मग गळका ड्रम भंगारात घालू नका.