उत्तमच्या फळ्यावरचं माझं अक्षर

उत्तम गेल्याचा फोन आला तेव्हा मी नववीच्या वर्गावर शिकवत होतो. फोन सुमनवहिनींचा, त्याच्या बायकोचा. "सर, गेले हे," एवढंच त्या म्हणाल्या. खरं सांगतो, मला आधी दुःख झालं नाही. आधी मनात आलं, दुकानाबाहेरच्या फळ्यावर शेवटचं काय लिहिलेलं आहे... आणि ते कुणीकुणी वाचलं असेल. चाळीस वर्षांची मैत्री आणि पहिला विचार हा. महिना उलटला तरी त्याची लाज जात नाही.

उत्तम मूळचा इंझोरीचा. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो. पुढे मी मास्तर झालो आणि त्याने शेलूबाजारच्या चौकात, जीपा भरतात तिथे, शिलाईचं दुकान टाकलं. वस्तीतल्या विहाराने नवा फळा घेतला तेव्हा जुना याने मागून आणला आणि दाराशी टांगला. त्यावर रोज एक वाक्य. अर्थशास्त्राचं एकही पुस्तक त्याने उघडलं नव्हतं. मंदी आलेली त्याला पेपरातून कळायची नाही. बापाची पॅन्ट उसवून पोराच्या मापाची करायला आणणारे वाढले की तो म्हणायचा, "आली बाप्पा." गरिबाचं माप छातीवर अडतं आणि श्रीमंताचं पोटावर, टेप तीच, हे त्याचंच. आणि सगळ्यांत गाजलेलं हे: "उमेदवाराचा कुर्ता मी दोन बोटं ढिला शिवतो. निवडून आला की बरोबर बसतो." जीपवाले ते वाचून थांबायचे, हसायचे, अन् पुढच्या गावी जाऊन सांगायचे.

त्याचं अक्षर मात्र कोंबडीचे पाय. म्हणून शाळेत जाता जाता मी लिहून द्यायचो. तो बोलायचा वऱ्हाडीत, मी ते सरळ करून शुद्ध भाषेत उतरवायचो. मास्तरकीची खोड जात नाही, त्यामुळे उजव्या कोपऱ्यात दिनांक आणि वाक्याखाली दुहेरी रेघ. तो म्हणायचा, "अबे, हे शाळा हाये का दुकान?" मी हसण्यावारी न्यायचो. त्या दोन रेघा एक दिवस मला गोत्यात आणतील, असं मनातही आलं नाही.

आमची शाळा खाजगी संस्थेची. अध्यक्षांना सगळा इलाखा साहेब म्हणतो. शाळेचे गणवेश दरवर्षी उत्तमकडेच शिवायला यायचे. तीन वर्षांपूर्वी साहेबांच्या हस्ते एकाच रस्त्याचं दुसऱ्यांदा भूमिपूजन झालं. दुसऱ्या दिवशी उत्तमने वाक्य सांगितलं: "कपड्याची ट्रायल दोनदा घेतली तर तिसऱ्या खेपेला कपडा तरी भेटते. रस्त्याचं काय?" मी खडू हातात घेऊन थांबलो. लिहू नये, हे कळत होतं. पण हसू आवरेना, आणि हसता हसता लिहून बसलो.

दुपारपर्यंत फळ्याचा फोटो गावभर फिरला. दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांनी मला आत बोलावलं, मोबाइल पुढे धरला आणि हळूच म्हणाले, "अक्षर ओळखीचं वाटतं. आणि ही दुहेरी रेघ... साहेब विचारत होते." दोन्ही पोरी कॉलेजात, घर माझ्या एकट्या पगारावर. शाळा सुटल्यावर मी धावतच उत्तमकडे गेलो. त्याने मशीन थांबवलं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आता तू इकडं येऊ नको."

त्यानंतर तिसऱ्या दिवशी साहेबांचा माणूस दुकानात आला. मी समोरच्या चहाच्या टपरीत पाठमोरा बसलो होतो आणि मान वळवून चोरून पाहत होतो. त्या माणसाने उत्तमच्या हातात खडू दिला आणि म्हणाला, "पाहू तुझं अक्षर, लिहून दाखव." उत्तमने उजव्या कोपऱ्यात दिनांक घातला, रस्त्याचं वाक्य पुन्हा लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या. हुबेहूब माझं अक्षर! मला माझाच हात दिसल्यासारखं झालं. मोबाइलमधल्या फोटोशी ताडून माणूस निघून गेला. मी चहा तसाच टाकून घरी गेलो.

त्या वर्षी गणवेश वाशिमच्या कुण्या दुकानाला गेले आणि मग तिकडेच राहिले. फळा मात्र उत्तम रोज लिहीत राहिला, माझ्याच अक्षरात. आणि मी? मी शाळेला जायची वाट बदलली. मागच्या गल्लीतून, उकिरड्याच्या कडेने. तीन वर्षं.

तो आजारी असल्याचं कळलं तेव्हा एका रविवारी दुपारी गेलो. खाटेवर अर्धा झालेला उत्तम. मी दार लोटून घेतलं, ते त्याने पाहिलं. "अजून भेऊन राह्यला का रे?" मी मान खाली घातली. तो वर पत्र्याकडे पाहत म्हणाला, "भेवाचं घर किरायाचं असते, बाप्पा. जिंदगीभर किराया भर, नावावर होत नाई." जुन्या सवयीने माझ्या तोंडून निघालं, उद्या फळ्यावर लिहू या. तो हसला. "हे फळ्यासाठी नाई. हे तुह्यासाठी हाये."

परवा सुमनवहिनींनी बोलावलं. दुकान आवरताना त्यांना कटिंगच्या खाकी कागदांची गुंडाळी सापडली होती. उलगडली, तर कागदभर माझी अक्षरं. माझा वाकडा ळ, माझा लांब शेपटीचा क, शिंप्याच्या चपट्या खडूने पन्नास-पन्नासदा गिरवलेले. शेवटी शेवटी तर त्याचे कुठले आणि माझे कुठले, मलाही सांगता आलं नसतं. "तवा दोन दिवस मशीनले हात नाई लावला यायनं," वहिनी म्हणाल्या. "मी म्हनलं, काय करून राह्यले? तर म्हने, म्हातारपनी शाळा शिकून राह्यलो." मग त्या बाहेर पाहत म्हणाल्या, "सर, फळा कोरा बरा नाई दिसत."

मी कागद मांडीवर घेऊन बसून राहिलो. उत्तम होता तोवर माझं अक्षर त्याचं होतं. चौकात कुणालाही विचारा, लोक हेच सांगतील. आता त्या फळ्यावर मी एक शब्द जरी लिहिला, तरी तो कुणाचा हे विचारायला माणूस पाठवायची गरज नाही. निवृत्तीला माझी अजून चार वर्षं आहेत.

आज सकाळी चौकातून गेलो. उजव्या कोपऱ्यात आजची तारीख घातली. त्याने माझ्यासाठी ठेवलेलं किरायाच्या घराचं वाक्य लिहिलं, त्याच्याच बोलीत, एक अक्षरही शुद्ध न करता. खाली दोन रेघा ओढल्या. वहिनी दारात उभ्या होत्या. साहेबांची गाडी साडेदहाला तिथून जाते.