घुंगरांची काठी

निवृत्तीनंतर बाबा पहिल्यांदाच ड्युसेलडॉर्फला आमच्याकडे आले होते. मे महिना होता. मी ऑफिसला गेलो की ते एकटेच ऱ्हाईनकाठच्या बागेत फिरून यायचे. एका रविवारी मात्र मी आणि माझी नऊ वर्षांची मुलगी त्यांच्याबरोबर निघालो. नदीच्या कडेकडेनं एका बागेतून दुसऱ्या बागेत गेलो. चालून चालून बाबांचे पाय दुखायला लागले, तेव्हा समोर एक छोटं संग्रहालय दिसलं. गुलामगिरीतून सुटलेल्या माणसांवर प्रदर्शन लागलं होतं. निदान बसायला मिळेल म्हणून आत शिरलो.

बाबा बसलेच नाहीत. काचेच्या पेटीत गळ्यात अडकवायचं एक लोखंडी कडं होतं, त्याला घंटा लावलेली. माणूस पळाला तर ऐकू यावं म्हणून, असं खालच्या पाटीवर लिहिलं होतं. मी ते बाबांना मराठीत सांगितलं. ते पेटीवर वाकले आणि नातीला म्हणाले, "माझ्या आजोबांच्या काठीला घुंगरं होती. गावात शिरताना वाजवत जायला लागायचं."

"वारूम?" तिनं विचारलं. तिला मराठी समजतं, पण उत्तर जर्मनमध्येच देते.

"का म्हणजे, आमची सावलीसुद्धा कुणावर पडायला नको. आवाज आला की लोक बाजूला व्हायचे."

तिनं माझ्याकडे पाहिलं. जातीबद्दल मी तिला कधीच काही सांगितलं नव्हतं. इथल्या मराठी लोकांत कुणी आडनावावरून चौकशी सुरू केली, की मीच विषय बदलायचो.

"मग?" हे तिनं चक्क मराठीत विचारलं.

"मग माझ्या वडिलांनी घुंगरं काढून नदीत फेकली. गावानं आम्हाला दुकान बंद केलं, गिरणी बंद केली. तरी पुन्हा बांधली नाहीत. काठी म्हशी हाकायला ठेवली."

बाहेर गवतावर बसून डबा खाताना तिनं जर्मनमध्ये विचारलं, "हे मी शाळेत सांगू?"

मला लगेच हो म्हणवेना.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं. मी सांगितलं.

"मग सांगू दे की. लाज त्यांना वाटायला हवी, आपल्याला कशाची?"

तिनं सांगितलं. तिच्या बाईंनी बाबांनाच वर्गात बोलावलं. बाबा सूट घालून गेले. भाषांतर करायला मी शेजारी उभा होतो. आमच्या जातीला जर्मनमध्ये शब्द नव्हता, म्हणून जातीचं नाव मी होतं तसंच, मोठ्यानं घेतलं.