पहिल्या महिन्यानंतरचा संघ

बेस्ट या डच गावातल्या आमच्या घरामागे बेसबॉलचं मैदान आहे. कोरोनामुळे त्या वर्षी सामने बंद होते, तरी शेजारचे आजोबा रोज संध्याकाळी घडीची खुर्ची घेऊन कुंपणाशी बसत. पूर्वी ते तिथल्या क्लबचे प्रशिक्षक होते. घरातली कामं उरकून, कोरोनामुळे हॉस्पिटलात असलेल्या नवऱ्याची चौकशी करायला तिथे फोन करून मी कचरा टाकायला निघाले, की ते हाक मारत, "बुरव्राऊ!" म्हणजे शेजारीणबाई.

बोलता बोलता मध्येच ते थांबत, रिकाम्या मैदानाकडे बघून टाळी वाजवत आणि मग वाक्य पुरं करत.

एरवीच्या मोसमाचा पहिला महिना सरला तेव्हा ते म्हणाले, "संघ बरा जमलाय. बेकरीवाला चांगली पिचिंग करतो. पोस्टमन जाड आहे, पण…" टाळी. "पण पळतो."

बेकरीवाला आणि पोस्टमन, दोघेही त्याच महिन्यात कोरोनाने गेले होते. वय झालंय, असं समजून मी मान डोलावली.

"तुझा नवराही आलाय कालपासून. बॅट टाकून पळायचं असतं. हा क्रिकेटवाला हातात घेऊनच पळतो."

काल नवऱ्याला व्हेंटिलेटरवर ठेवलं होतं. मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं.

"त्याला खेळवू नका," मी म्हणाले.

"मग मला एक माणूस कमी पडेल."

"तरी नको."

ते मैदानाकडे वळले. मग हाताने कुणाला तरी परत बोलावलं, स्वेटर काढून खुर्चीवर ठेवला आणि कुंपणाचं दार उघडून स्वतः आत गेले.